बाबाचं नाक

माझ्या बाबाच्या नाकाला टँकरवाले घाबरायचे. बढाई नाही मारत. त्या काळी भिवंडीच्या हायवेवर मानकोलीपासून वडप्यापर्यंत कुठल्याही पेट्रोलपंपावर विचारलं असतं, तर हेच ऐकायला मिळालं असतं. बाबा आमच्या पंपावरचा सगळ्यात जुना माणूस. टँकर आला की तो नळाखाली बोट धरायचा, बोटावरचं पेट्रोल अंगठ्यानं चोळायचा, नाकापाशी न्यायचा आणि डोळे अर्धे मिटून उभा राहायचा. तेवढा वेळ डायव्हर समोर उभा. मग बाबा एकतर मान हलवायचा, नाहीतर बोलायचा, "वापस घेऊन जा." पेट्रोलात रॉकेल मिसळायचा धंदा तेव्हा जोरात होता. भेसळ तपासायची काचेची नळी पंपावर होती, पण पंपाच्या मालकाचा, शेठचा, त्या नळीपेक्षा बाबाच्या नाकावर जास्त भरवसा.

आमच्यात बापाला अरे-तुरेच करतात, म्हणून मी पण तसंच लिहिणार. 'बाबा म्हणाले' असं लिहिलं की मला वाटतं दारात कोण पाहुणा आलाय.

आमचं गाव खाडीच्या अंगाला, वळ गावाच्या पुढे. जमिनीला भाव यायच्या आधीच आमची विकून झाली होती, त्यामुळे शेजारच्यांची गोदामं उभी राहिली आणि बाबा पंपावरच राहिला. दोन हजार सालानंतरची ती सात-आठ वर्षं होती. मी बारावी झाले आणि शेठनं मुलींना कामाला घ्यायचं ठरवलं, तेव्हा पहिली मीच लागले. निळा ड्रेस, निळी ओढणी, हातात पेट्रोलचा नॉझल. पहिल्या आठवड्यात लोक पेट्रोल भरायला कमी आणि मला बघायला जास्त यायचे. एकाला मी विचारलं, "टाकी उघडतोस का तोंडात भरू?" त्यानंतर बघायला येणारे कमी झाले.

मग एक दिवस कंपनीचा साहेब पंपाचा नवा नकाशा घेऊन आला आणि त्यानं आम्हा सगळ्यांना ऑफिसात बसवलं. बोलला, आता इथं गॅस येणार. रिक्षा गॅसवर जाणार, मागोमाग टेम्पो, मग बसेस. डिझेलच्या धुराचे दिवस संपले, सगळ्या तेलकंपन्यांना आता स्वच्छ इंधनाकडे वळावंच लागणार. मी ऐकत होते आणि डोकं तापत होतं. इतकी वर्षं हीच कंपनी आम्हाला सांगायची की जास्त डिझेल विका, आणि आता धूर वाईट? मग इतकी वर्षं तुम्ही काय उदबत्ती विकत होता? पण नोकरी होती, गप्प बसले. साहेब पुढं बोलला की एक दिवस विजेवर चालणाऱ्या गाड्या पण इथं येऊन उभ्या राहतील. तेव्हा मात्र सगळे हसले. आमच्यातला एक बोलला, "म्हणजे मोबाईलसारखी चार्जिंगला लावायची का गाडी?" साहेब पण हसला. बाबा हसला नाही. तो नकाशावर बोट ठेवून विचारत होता, "डिझेलचं जुनं मशीन कुटं जाणार?"

ते भंगारात गेलं. त्या जागी गॅसचं मशीन बसलं. आमच्याकडे अजून पाइपलाइन आली नव्हती, म्हणून गॅस ट्रकवर यायचा. ट्रकवर लांबलचक सिलेंडरच्या रांगाच्या रांगा, त्यांना एक जाड होस, म्हणजे पाइप, जोडायचा, मध्ये दाब वाढवणारं मशीन, आणि पुढं रिक्षात भरायचा नॉझल. होस काढताना 'फस्स' असा आवाज व्हायचा. पहिल्या दिवशी तो आवाज ऐकून मी जी पळाले ती थेट हायवेच्या कडेला जाऊन उभी राहिले. महिनाभर सगळे मला बघून 'फस्स' करायचे.

हसा, पण भीती सगळ्यांनाच होती. रिक्षावाले नॉझल लावायच्या आधी पॅसेंजरला खाली उतरवायचे आणि स्वतः पण दहा पावलं लांब जाऊन उभे राहायचे. आमचे दोघे जण तर सरळ नोकरी सोडून गोदामात वॉचमन म्हणून गेले. बोलले, तेल निदान दिसतं तरी, हा गॅस दिसतच नाही, कुठून पळायचं ते कसं कळणार? गावात बातमी झाली की पंपावर बॉम्ब आणून ठेवलाय. आई रोज सकाळी आम्हा दोघांना दारात थांबवून गावदेवीचा अंगारा लावायची. मी चिडायचे, "अगं, मी काय लढाईला चाललेय का?" आणि रस्त्याला लागल्यावर हळूच कपाळाला हात लावून बघायचे, अंगारा आहे ना म्हणून.

ट्रेनिंगच्या दिवशी साहेबानं सगळं नीट समजावलं. लाल बटण कुठे, वॉल्व कसा बंद करायचा, रोज सकाळी प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी कसं लावायचं, गॅस सुटत असेल तर तिथं बुडबुडे कसे येतात. मग बोलला, "गॅसला स्वतःचा वास नसतो. त्यात मुद्दाम घाण वास मिसळतात. तुम्हाला पहिल्यांदा कळणार ते नाकानं." गॅस शोधायचं एक हातातलं मशीन पण होतं, पण महाग म्हणून शेठनं ते कपाटात कुलूप लावून ठेवलं. आणि साहेब बाबाकडे वळून बोलला, "काका, तुमच्या नाकाबद्दल खूप ऐकलंय. सकाळची पहिली फेरी तुमची. तुम्ही हो म्हटल्याशिवाय गॅस सुरू करायचा नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बाबानं पण मान डोलावली. त्या दिवशी माझी छाती फुगली होती, खोटं कशाला बोलू.

चार-पाच दिवसांनी आमच्या घरात उंदीर मेला. सकाळपासून वास मारत होता. आई आणि मी पाट हलवले, डबे हलवले, कुठं सापडेना. शेवटी तांदळाच्या पिंपामागे सापडला, फुगलेला. आणि त्याच पिंपाला पाठ टेकून बाबा बसला होता, मजेत चहा-बटर खात.

मी बघतच राहिले. "बाबा, तुला वास नाय आला?"

"कसला?"

आई हसली, "आता म्हातारा झाला." मी नाही हसले. दुपारी आई पाण्याला गेली तेव्हा मी दोन वाट्या घेतल्या, एकीत रॉकेल, एकीत पाणी. बाबाला बोलले, डोळे मीट आणि रॉकेल कुठल्या वाटीत ते सांग. तो आधी चिडला, "काय पोरखेळ लावलाय?" मग डोळे मिटले. दोन्ही वाट्या नाकाला लावल्या. बराच वेळ लावला. मग पाण्याच्या वाटीवर बोट ठेवून बोलला, "ही."

त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं.

"दोन वर्सं झाली," तो बोलला. "त्या तापातून उठलो ना, तवापासून. जेवनाचा पन वास न्हाय येत."

"आणि टँकर? टँकरचं कसं कळतं तुला?"

मग त्यानं मला जे सांगितलं ते ऐकून आधी मला हसूच फुटलं. बाबा पेट्रोलचा वास घेतच नव्हता. तो बोट नाकापाशी धरायचा आणि अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी डायव्हरचं तोंड बघायचा. "ज्यानं मिसळलंय ना, तो गिळतो," बाबा बोलला. "घसा हलतो त्याचा. न्हायतर उगाच टायर बघतो. माल चांगला असंल तर तो माझ्याकडंच बघतो, घाई करतो. मानसाचं तोंड खोटं न्हाय बोलत." दोन वर्षं त्यानं अशीच काढली होती आणि एकदाही चुकला नव्हता.

हसता हसता मी थांबले. पेट्रोलचं ठीक आहे. पण गॅसच्या होसला कुठलं तोंड असतं?

"बाबा, तुला सकाळची फेरी दिलीय. तू हो बोलल्यावर मशीन सुरू होणार. तुला कळलं नाय आणि गॅस सुटलेला असला तर? कुणी विडी पेटवली तर?"

"सांगितलंस तर मला कशाला ठेवतील ते?" बाबाचा आवाज एकदम बारीक झाला. असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. "डिझेलचं मशीन पन गेलं. आता सगला गॅसच येनार हाय. माझं नाक हाय म्हनून मी हाय तिथं. मग मी काय करू, कोपऱ्यात बसून टायरात हवा भरू?" आणि त्यानं माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "कुनाला बोलनार न्हाय म्हन."

बापाच्या डोक्यावरचा हात काढता येतो का? मी शब्द दिला. आणि त्या दिवसापासून माझं धड जेवण नाही की धड झोप नाही.

दुसऱ्याच दिवशी मी शेठकडून सकाळची शिफ्ट मागून घेतली. बाबाचं नाक मी व्हायचं असं ठरलं. साबणाचं पाणी मी लावायचं, बाबा मागून वाकून वाकून फेरी मारणार, डोळे अर्धे मिटून, अगदी साग्रसंगीत. मला वास आला नाही तर मी ओढणी डाव्या खांद्यावर टाकायची. आला तर गळ्याला गुंडाळायची. बाबा ओढणीकडे बघणार आणि मग मान हलवणार. आमच्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आईला पण नाही.

वाटतं सोपं. तुम्ही भिवंडीत येऊन एकदा नाकानं काही शोधून दाखवा. कापड रंगवायच्या डाइंगच्या नाल्याचा वास, सुताला खळ लावायच्या सायझिंगच्या बॉयलरमध्ये चिंध्या जाळतात त्याचा वास, ओहोटीला खाडीचा चिखल, कचरा, डिझेल, रस्त्यापलीकडच्या टपरीवरची भजी. या सगळ्यातून मला एकच वास वेगळा काढायचा होता, आणि तो नाही याची खात्री द्यायची होती. एखादी गोष्ट आहे हे सांगता येतं. नाही हे कसं सांगायचं? मी एका जागी तीन-तीनदा वास घ्यायचे. मशीन सुरू झालं की मी मनात वीसपर्यंत आकडे मोजायचे. वीस झाले आणि आम्ही सगळे जागच्या जागी असलो की श्वास सोडायचे. घरी आल्यावर आई विचारायची, "काय गं, कुत्र्यागत हुंगत काय फिरतेस?"

श्रावणात मला सर्दी झाली. तुम्ही म्हणाल सर्दीच ती. पण मी रात्रभर वाफ घेत होते आणि रडत होते, रडल्यानं नाक अजून बंद. सकाळी पंपावर मी बाबाच्या कानात बोलले, "आज मला काहीच वास येत नाय." बाबा पांढरा पडला. मग त्यानं गॅस भरणं सरळ थांबवून धरलं. एकेका जोडाला तीन-तीनदा साबणाचं पाणी लावलं, बुडबुड्यांची वाट बघत उकिडवा बसून राहिला. रिक्षांची रांग पार हायवेला लागली. भय्ये ओरडायला लागले, "चाचा, आज गाडी नहला रहे हो क्या?" बाबानं मान वर केली नाही. त्याच्या शर्टाची पाठ घामानं भिजली होती. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा पण माझ्याएवढाच घाबरलाय, फक्त दाखवत नाही.

गणपतीनंतर एकदा खरंच वास आला. हलकासा, दाबाच्या मशीनजवळ. कुजल्यासारखा. मी ओढणी गळ्याला गुंडाळली, बाबानं लगेच हात वर केला, लाल बटण दाबलं. मेकॅनिक आला, एक नट ढिला निघाला. साहेब स्वतः येऊन बाबाची पाठ थोपटून गेला. "काकांचं नाक म्हणजे नाक!" शेठनं पेढे मागवले. बाबानं पेढा घेतला आणि माझ्याकडे बघितलंच नाही. मी पण पेढा खाल्ला. संताप आला होता मला. बाबावर, साहेबावर, शेठच्या कपाटातल्या त्या मशीनवर, आणि स्वतःवर जास्त. वाटलं, आता तर हे कायमचं माझ्या गळ्यात पडलं. आता कुणाला सांगितलं तर कोण विश्वास ठेवणार?

मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे कामाच्या वस्तूची पूजा होते. कुणी कोयता पूजतो, कुणी होडी, कुणी लूम. पंपावर दर वर्षी बाबाच्या हातून पूजा व्हायची, टाकीतलं तेल मोजायच्या काठीची आणि मशीनची. पंपावर आगकाडी लावायची नाही हे आम्हाला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. पण कापूर ऑफिसच्या पायरीवर, लांब लावायचा आणि आरती मशीनकडे तोंड करून तिथूनच ओवाळायची, अशी आमची तोड होती. साहेबाची त्या दिवशी सुट्टी असायची.

त्या वर्षी शेठची आई आली होती. शेठच्या सुना, नातवंडं, सगळे. म्हातारीचं म्हणणं, नवीन मशीनचा पहिला दसरा, लांबून कशी पूजा करता? जवळ जाऊन ओवाळा. शेठ बोलला, "एक मिनिटाचं तर काम आहे, काकांनी फेरी मारलेली असेलच." बाबानं माझ्याकडे बघितलं. मी अजून फेरी मारली नव्हती. पहाटेच पंपावरच्या पोरांनी झेंडूच्या माळा बांधल्या होत्या, मशीनला, होसला, सगळ्या जोडांवरून. साबणाचं पाणी लावायचं तर माळा सोडाव्या लागल्या असत्या. आणि पूजेच्या माळा पूजेआधी कोण सोडतं? मी नाही सोडल्या.

नुसता वास घेत पुढं झाले. आणि वास होता.

टायरात हवा भरायला एक टेम्पो उभा होता. आमच्याच बाजूच्या बायका सणासाठी सुकट, म्हणजे सुकी मासळी, घेऊन बाजाराला निघाल्या होत्या, जवळा, बोंबील, करंदीच्या पाट्याच पाट्या. शेठची सून नाकाला पदर लावून बोलली, "ई, काय घाण वास येतोय! त्या टेम्पोला जरा पुढे घ्यायला सांगा ना." सगळे हसले. टेम्पोतली एक बाई आतूनच ओरडली, "वास येतो तर खाता कशाला गं मिटक्या मारून?" अजून हसले. आणि मला वाटलं, हो, सुकटीचाच. सुकटीचाच असणार. माझ्या आत काहीतरी टोचत होतं, पण आरतीचं ताट तयार होतं, म्हातारी ताटकळत उभी होती, शेठची नातवंडं मशीनला हात लावत होती. आणि किती दिवस घाबरायचं? मला त्या भीतीचा कंटाळा आला होता. मी ओढणी डाव्या खांद्यावर टाकली.

बाबा ताट घेऊन मशीनजवळ गेला. ताटात कापूर. त्यानं खिशातून काडेपेटी काढली, काडी काढली आणि काडेपेटीच्या कडेला टेकवली.

आणि थांबला.

तो ओढणीकडे बघत नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी. टँकरच्या डायव्हरकडे बघायचा तसा.

"कसला वास येतोय तुला?" बाबानं विचारलं. सगळ्यांसमोर.

"सुकटीचा," मी बोलले. "टेम्पोतल्या."

"सुकटीचा?" बाबानं काडी परत पेटीत घातली. हळू, अगदी हळू, जशी काय ती आपोआप पेटेल. "सुकटीच्या वासाला तू कवा नाक मुरडलंस गं? जल्मात न्हाय मुरडलंस."

माझा हात नाकाकडे गेला. खरंच मी नाक आक्रसलं होतं. सुकट भाजायला घेतली की मी चुलीपाशी पहिली जाऊन बसणारी मुलगी. सुकटीच्या वासानं माझ्या तोंडाला पाणी सुटतं.

"मागं व्हा!" बाबा ओरडला. "सगली मागं! पोरांना उचला!" ताट म्हातारीच्या हातात कोंबून त्यानं लाल बटण दाबलं, ट्रककडे पळाला, वॉल्व फिरवायला लागला. मी शेठच्या एका नातवाला काखेत मारलं आणि रस्त्याकडे पळाले, या वेळी कुणी 'फस्स' केलं नाही. टेम्पोतल्या बायका चप्पल टाकून पळाल्या. रस्त्याच्या कडेला मी त्या पोरासकट खालीच बसले.

सगळं शांत झाल्यावर मेकॅनिकनं झेंडूची माळ कापली. माळ होसच्या जोडावर तारेनं करकचून बांधली होती, तारेनं जोड एका बाजूला ओढला गेला होता. फुलांच्या आत, ऑक्टोबरच्या त्या उन्हात, जोडावर पांढरं दव गोठलं होतं. गॅस सुटला की तिथं असा गारठा धरतो, साहेबानं शिकवलं होतं. जरासा गॅस परत सोडून मेकॅनिकनं साबणाचं पाणी लावलं तर फेसच आला. बाबा जिथं काडी घेऊन उभा होता, तिथून तो जोड हातभर अंतरावर. मी तिथून दोन पावलांवर. नातवंडं त्याच्याही जवळ.

दुपारी साहेब सुट्टी मोडून आला. तोंड लालबुंद. ऑफिसात सगळ्यांना उभं केलं. "पूजेचं मी नंतर बघतो. आधी मला सांगा, सकाळची फेरी कोणी मारली? सगळं ठीक आहे असं कोणी सांगितलं?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. ओढणी अजून डाव्या खांद्यावरच होती, माझ्या तेव्हा लक्षात आलं. शब्द बाहेर यायच्या आत बाबा माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"मीच सांगितलं," तो बोलला. "माझं नाक गेलंय साहेब. दोन वर्सं झाली, मला कसलाच वास येत न्हाय. ही पोर मला रोज बोलायची, सांगून टाक, सांगून टाक. मीच न्हाय सांगितलं. आज पन तिला वास आला म्हनून वाचलो."

नाकाचं खरं होतं, माझ्याबद्दलचं खोटं. मी त्याला कधीच बोलले नव्हते सांगून टाक म्हणून. मी त्याचा शर्ट मागून ओढला. त्यानं मागं हात करून माझा हात दाबला, गप्प बस म्हणून. शेठ जमिनीकडे बघत होता. ज्या नाकाला त्यानं पेढे वाटले होते, त्याचं काय करायचं हे त्याला सुचत नसावं. मग त्यानं कपाटाची चावी काढली आणि ते हातातलं मशीन टेबलावर ठेवलं.

बाबाला काढलं नाही. टायरात हवा भरायच्या कोपऱ्यात त्याला स्टूल दिलं. सकाळची फेरी माझ्याकडे आली. टँकर आला की काचेची नळी काढायला लागले, आणि मी बघायचे, बाबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून डायव्हरचं तोंड बघत असायचा. त्याला कुणी विचारत नसे.

पण हे नंतरचं. त्या दसऱ्याच्या संध्याकाळी आम्ही दोघं घरी आलो तेव्हा आईला काहीच कळलेलं नव्हतं. तिनं ओवाळलं, मी बाबाच्या हातात आपट्याचं पान देऊन पाया पडले. आई आत जवळा परतत होती. बाबा पान हातात घेऊन ओट्यावर बसला होता. मी त्याच्या शेजारी बसले. मला माफी मागायची होती आणि ती कशी मागतात ते आठवत नव्हतं.

"कसा असतो गं तो वास?" बाबानं एकदम विचारलं. "गॅसचा. इतकं दिस फिरलो तिथं, मी एकदा पन न्हाय घेतला."

"घाण असतो," मी बोलले. "त्या दिवशी उंदीर मेला होता ना, काहीसा तसा."

त्यानं मान हलवली. घरातून जवळ्याचा वास येत होता, लसूण टाकलेल्या. माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

"म्हनजे सुकटीसारखा न्हाय?"

"नाय रे बाबा," मी बोलले. "जरा पण नाय."

आणि मग मला रडू आवरेना, कारण ते मला सकाळी पण माहीत होतं.